भुताची साक्ष आणि फौजदाराची चौकशी

देवळाच्या आवारातील वाचनालयात कोणती पुस्तके ठेवावीत, हा वाद आपल्या समाजात जुना आहे. पोथ्या, पुराणे, संतचरित्रे आणि ज्ञातीचा इतिहास यांविषयी कोणाची तक्रार नसते. सामाजिक कादंबरीही आता सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. परंतु ज्या कादंबरीत खून आहे, खुनामागे पिशाच्च आहे आणि त्या पिशाच्चाचा माग काढणारा नायक पोलीस खात्यातला शिपाई आहे, असे पुस्तक कपाटात दिसले की दोन बाजूंनी एकदम ओरड होते. एका बाजूचे आस्तिक सद्गृहस्थ म्हणतात, ही देवतांची थट्टा आहे. दुसऱ्या बाजूचे सुधारक म्हणतात, ही अंधश्रद्धेची लागवड आहे. एरवी एका बाकावर न बसणारे हे दोन पक्ष अशा पुस्तकापुरते एक होतात आणि पुस्तक कपाटातून काढून टाकण्याची मागणी करतात. आमचा या दोघांशीही मतभेद आहे, आणि तो या वेळी सविस्तर मांडावा असे आम्ही योजिले आहे.

वादाला निमित्त झालेले पुस्तक इंग्रजी आहे. बेन अ‍ॅरोनोविच या लंडनच्या लेखकाने २०११ साली 'रिव्हर्स ऑफ लंडन', म्हणजे 'लंडनच्या नद्या', ही कादंबरी प्रसिद्ध केली आणि पुढे त्याच नायकाच्या कथांची मालिकाच सुरू झाली. लेखक त्यापूर्वी दूरचित्रवाणीसाठी लिहीत असे आणि पुस्तकाच्या दुकानात नोकरीही करीत असे. नायक पीटर ग्रँट हा नुकताच भरती झालेला शिपाई. आई आफ्रिकेतल्या सिएरा लिओनची, बाप जाझ वाजविणारा. कॉव्हेंट गार्डनच्या चौकात एका माणसाचे डोके उडविले जाते. कडाक्याच्या थंडीत त्या जागेवर पहारा करीत असता ग्रँटला एक साक्षीदार भेटतो. साक्षीदार सर्व काही नीट सांगतो. अडचण एवढीच की तो सव्वाशे वर्षांपूर्वी मेलेला आहे.

आता येथे आपला नेहमीचा कथालेखक काय करील? नायकाला घाम फोडील, कुत्री रडवील, दिवा विझवील. हा शिपाई खिशातून टाचणवही काढतो. साक्षीदार मेलेला असला तरी साक्ष ही साक्ष आहे, तेव्हा ती पडताळून पाहिली पाहिजे, हा त्याचा पहिला विचार. आम्हांला या पुस्तकाने जिंकले ते या पानावर.

पुढे त्याला नाइटिंगेल नावाचा अधिकारी आपला शिष्य करून घेतो. लंडनच्या पोलीस खात्यात जादूचे प्रकार हाताळणारा हा शेवटचा उरलेला अधिकारी. रसेल स्क्वेअरमधल्या एका जुन्या वाड्यात त्याचे ठाणे आहे. या विद्येची सूत्रबद्ध मांडणी प्रत्यक्ष न्यूटनने केली, अशी लेखकाची कल्पना आहे. शिष्याला शपथ घ्यावी लागते, लॅटिन शिकावे लागते, एकच धडा महिनोन् महिने गिरवावा लागतो. जादूने जवळची यंत्रे बिघडतात हे ध्यानात येताच हा पठ्ठ्या भ्रमणध्वनी किती अंतरावर निकामी होतो याचे प्रयोग करून पाहतो. विद्येचा अतिरेक केला तर मेंदू आतून करपतो. त्याचे नमुने दाखविणारा एक डॉक्टरही कथेत आहे. म्हणजे येथे सिद्धी फुकट मिळत नाही, आणि मिळाली तरी ती वापरण्याचा हिशेब द्यावा लागतो. आपल्याकडचा एखादा बाबा एवढ्या नियमांनी बांधलेला आम्ही तरी पाहिलेला नाही.

पुस्तकात दोष आहेत, तेही सांगून टाकतो. रक्तपात बराच आहे, काही ठिकाणी किळस येईल असा आहे. शिपायाचे विनोद सर्वच देवळाच्या ओसरीवर वाचण्याजोगे नाहीत. खुनाचे कथानक आणि नद्यांचे कथानक यांचा सांधा उत्तरार्धात नीट जुळत नाही, शेवट घाईने उरकल्यासारखा वाटतो. पण हे झाले साहित्याचे गुणदोष. आक्षेप घेणाऱ्यांचा रोख त्यांच्यावर नाही.

रोख आहे तो नद्यांवर. या लंडनमध्ये नद्यांना देवता आहेत, आणि त्या हाडामांसाच्या आहेत. थेम्स नदीचा म्हातारा देव १८५८ साली, नदीला आलेली दुर्गंधी असह्य होऊन, शहर सोडून वरच्या अंगाला निघून गेला. ते साल लेखकाने मनाने घेतलेले नाही. त्या उन्हाळ्यात थेम्सच्या घाणीने पार्लमेंटचे कामकाज चालविणे कठीण झाले, आणि त्यानंतरच बॅझलगेट या अभियंत्याच्या देखरेखीखाली लंडनच्या भुयारी गटारांचे अवाढव्य काम हाती घेण्यात आले. देव गेल्यावर शंभर वर्षे ती गादी रिकामी राहिली. मग नायजेरियातून आलेल्या एका दुःखी तरुणीने नदीत जीव दिला आणि तीच नदीची आई झाली. आता भरतीओहोटीचे पाणी जिथवर पोचते त्या टेडिंग्टनच्या बांधापर्यंत आईची सत्ता आणि त्याच्या वर म्हाताऱ्याची. टायबर्न, फ्लीट, बेव्हर्ली ब्रूक या तिच्या मुली. ज्या ओढ्यांवर लंडनने केव्हाच फरसबंदी टाकली, ते या मुलींच्या रूपाने शहरात वावरतात. दोन्ही दरबारांत सीमेवरून तंटा आहे आणि तो मिटविण्याचे काम या नवख्या शिपायावर येते. तो ते कसे मिटवितो? दोन्हीकडून एकेक मूल दुसऱ्याच्या घरी ओलीस राहण्यास पाठवून. एखाद्या जुन्या संस्थानी तहनाम्यात शोभावे असे हे कलम आहे.

माळव्यातल्या मराठी माणसाला यात नवल कसले वाटणार? देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा अशा दोन देवी आहेत. स्थानिक लोक त्यांना बडी माता व छोटी माता म्हणतात. त्या बहिणी असून एकदा त्यांचे भांडण झाले आणि दोघी जागा सोडून निघाल्या, तेव्हा हनुमंत आणि भैरव यांनी विनवण्या करून त्यांना थांबविले, अशी कथा तेथे आजही सांगतात. खाली गावात पवारांच्या थोरल्या पातीचे आणि धाकट्या पातीचे अशी दोन राज्ये, एकाच शहरात, १९४८ साली मध्य भारतात विलीन होईपर्यंत नांदली. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने थोरल्या पातीच्या दरबारी राहून त्यावर १९५३ साली एक पुस्तकच लिहिले. वर दोन देवी, खाली दोन राजे, आणि रस्त्याच्या कोणत्या बाजूला कोणाचा अंमल याची काळजी करणारे फौजदार! टेडिंग्टनच्या बांधावरचा तंटा देवासच्या एखाद्या जुन्या कारकुनाने दुपारच्या चहापूर्वी समजून घेतला असता.

गोव्याच्या वाचकांना तर याहून जवळचे उदाहरण आहे. गावाच्या शिवेवर रात्री फिरणारा देवचार, त्याच्या हातची काठी आणि मशाल, त्याला द्यावयाचा रोट. गस्त घालून झिजतात म्हणून वेताळाला वाहिल्या जाणाऱ्या नव्या वहाणा. कोणत्याही महत्त्वाच्या कामापूर्वी देवाला लावला जाणारा कौल. हे सर्व एका सुव्यवस्थित बंदोबस्ताचे वर्णन आहे. राखणदार या शब्दाचा अर्थ पहारेकरी असाच आहे. कोंकणीत देव आणि पहारा यांचे नाते इतके सहज आहे की इंग्रजी लेखकाने ते २०११ साली शोधून काढले याचे आपल्या आजीला हसू आले असते.

येथे आस्तिक आक्षेपकांना आमचे पहिले उत्तर. देवतेला रूप, स्वभाव, राग, लोभ आणि भावंडे देणे यात विटंबना असेल, तर आपली निम्मी पुराणे बासनात बांधून ठेवावी लागतील. विटंबना कशी करतात हे पाहावयाचे असेल तर वेगळे पुस्तक काढून पाहावे. १८३९ साली मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने एका ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहिली. पोलीस आणि देवी यांना एका कथेत आणणारे ते बहुधा पहिले गाजलेले पुस्तक. अमीर अली नावाचा माफीचा साक्षीदार त्यात आपल्या खुनांची कहाणी साहेबाला सांगतो, आणि प्रत्येक खुनामागे भवानीचा शकुन उभा केला जातो. टेलर हा निजामाच्या चाकरीत नळदुर्गाकडे राहिलेला माणूस. तुळजापूर त्याला परके नव्हते. पुढे १८६३ साली त्याने तुळजापुरात सुरू होणारी मराठी जीवनावरची एक कादंबरीही लिहिली. तरीही पहिल्या पुस्तकाने भवानीला विलायतेच्या वाचकापुढे आरोपीच्या पिंजऱ्यात नेऊन बसविले ते बसविलेच. आणि याचा परिणाम कादंबरीपुरता राहिला नाही. स्लीमनच्या मोहिमेच्या काळात, १८३६ साली, जो कायदा झाला त्याने ठगांच्या टोळीचा असणे हाच अपराध ठरविला. १८७१ साली संपूर्ण जमातीच गुन्हेगार ठरविणारा कायदा आला, आणि तो रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. एखाद्या समाजाची देवी, तिचे शकुन, तिचा नैवेद्य यांकडे पोलिसाने पुरावा म्हणून पाहिले की काय होते, याचा हा इतिहास आहे.

त्या पुस्तकाशेजारी अ‍ॅरोनोविचचा शिपाई ठेवून पाहा. नदीच्या दारी जाताना तो अदबीने जातो. तेथील अन्नपाणी स्वीकारले तर बांधील राहावे लागेल, हे ओळखून तो सावध असतो. तिच्या श्रद्धावंतांची झडती घेत नाही. आणि ती देवता आहे म्हणून तिला कायद्यातून सोडूनही देत नाही. शहरात शांतता राखण्याची जबाबदारी तिच्यावरही आहे, हे तो नम्रपणे तिच्या कानावर घालतो. आस्तिक वाचकाला यात दुखावण्यासारखे काय आहे, हे आम्हांला अद्याप कोणी समजावून दिलेले नाही.

सुधारक मंडळींचा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण त्यामागे रक्त सांडले आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या विधेयकासाठी ते अनेक वर्षे झगडले, त्याचा अध्यादेश चार दिवसांत निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कायदा झाला. नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा हा कायदा आम्हांला आवश्यक वाटतो, हे आधीच सांगून ठेवतो. त्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे. पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने आपल्या हद्दीतील अशा प्रकारांवर लक्ष ठेवावे, तक्रार घ्यावी, पुरावा जमवावा. लंडनच्या वाड्यातला जादूगार अधिकारी कल्पनेतला. आमचा हा दक्षता अधिकारी कायद्याच्या पुस्तकातला, सरकारी पगार घेणारा आहे. त्याच्यावर मराठीत एक तरी कादंबरी का असू नये?

ती नाही, याचे कारण आमच्या मते असे. मराठीने ही दोन दालने वेगळी ठेवली. बाबूराव अर्नाळकरांनी रहस्यकथांचा डोंगर उभा केला. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू यांनी दोन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. तेथे अखेरचा उलगडा माणसाच्या कारस्थानात होत असे. नारायण धारपांनी भयकथेला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांचा समर्थ अमानवी शक्तींशी झुंजतो, परंतु त्या झुंजीत फौजदाराला फारसे काम नसते. एका दालनात भूत खोटे असते म्हणून पोलीस लागतो. दुसऱ्यात भूत खरे असते म्हणून पोलीस उपयोगाचा नसतो. तिसरी शक्यता, म्हणजे भूत मानणारी माणसे खरी आहेत, त्यांचे दुःख खरे आहे, आणि तरीही मेलेल्या माणसाबद्दल जिवंत माणसाने जाब दिला पाहिजे, ही या दोन्ही दालनांच्या मधल्या भिंतीत चिणली गेली.

ही तिसरी शक्यता कल्पनेतली नाही. ती उदयनगरच्या बाजूला घडून गेलेली आहे.

उदयनगर हे देवास जिल्ह्याच्या दक्षिणेचे तहसिलीचे गाव. माळव्याचे पठार येथे विंध्याच्या जंगलात उतरू लागते. भिलाला, बारेला, कोरकू यांची वस्ती. आणि खाली नर्मदा. याच काठावर धाराजी नावाचे तीर्थ होते. तेथील धावडी कुंडात नर्मदेचे पाणी खडकांवरून कोसळत असे आणि पाण्याने घासून घासून झालेले बाण सापडत असत. ज्यांच्या देवघरात पंचायतन आहे त्यांना हे सांगावयास नको. संपुष्टातला तो गुळगुळीत बाण कोठून आला हे आजोबांना विचारले तर नर्मदेतून, एवढेच उत्तर येई. त्यांतले कित्येक याच कुंडातले असत. चैत्राच्या आधीच्या अवसेला, जिला तिकडे भूतडी अमावास्या म्हणतात, येथे मोठी जत्रा भरे. माळवा आणि निमाडातून माणसे येत. ज्यांच्या अंगात बाधा आहे असे घरचे समजत, त्यांना घेऊन येत. बडवे येत, ढोल वाजत, रात्री नदीत स्नाने होत. बाधा म्हणजे काय, हे वैद्यकाने सांगावे. पण दूरच्या पाड्यावरून आपल्या आजारी लेकीला हाताला धरून नदीपर्यंत आणणाऱ्या बापाला हसण्याचा अधिकार, जवळ दवाखाना असलेल्या माणसाला नाही.

७ एप्रिल २००५ च्या रात्री या जत्रेला हजारो माणसे नदीच्या पात्रालगत, खडकांवर होती. वरच्या अंगाला पुनासा येथे इंदिरा सागर धरण आहे. त्याच्या वीजघराची क्षमता १००० मेगावॅट. त्या रात्री वीज निर्माण करण्यासाठी पाणी सोडण्यात आले. अंधारात नदी एकाएकी चढली. साठांहून अधिक माणसे वाहून गेली आणि मेली. बेपत्ता झालेल्यांचा आकडा याहून मोठा असल्याचे त्या वेळीही बोलले जात होते. ती पावसाळ्याची रात्र नव्हती. आभाळातून एक थेंब पडला नव्हता.

नंतर जो वाद झाला तो असा: जत्रा आहे हे धरणाला कोणी कळवावयाचे होते, आणि पाणी येणार हे जत्रेला कोणी सांगावयाचे होते? एका कचेरीने दुसरीकडे बोट दाखविले. जत्रा दर वर्षीची, तिथी पंचांगात छापलेली, पंचांग कोणत्याही दुकानात मिळणारे. तरीही अमावास्या केव्हा आहे हे कळले नाही, अशी सबब आधुनिक कारभाराला सांगता आली.

आता आमच्या मुद्द्याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. अशा दुर्घटनेनंतर दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, माई कोपली. दुसरे, भुतेखेते उतरवायला जाणाऱ्या अडाण्यांचे असेच व्हायचे. पहिले वाक्य भाविक बोलतो, दुसरे शिकलेला बोलतो, आणि दोन्ही वाक्यांत पाणी सोडणाऱ्याचे नाव नाही. एकाने गुन्हा देवीच्या माथी मारला, दुसऱ्याने मेलेल्यांच्या. चौकशी करणाऱ्याला याहून सोयीचे काय हवे? पुनाशाची कळ माणसाच्या हातात होती. नर्मदेला त्या रात्री कोप आला असे म्हणणे म्हणजे टेलरने भवानीचे जे केले तेच आपण आपल्या हाताने नर्मदेचे करणे होय.

या जागी तो लंडनचा शिपाई उभा करून पाहा. तो नदीला भेटला असता, तिला नमस्कार केला असता, मेलेल्यांपैकी कोणी बोलावयास तयार असता तर त्याचीही जबानी घेतली असती. आणि मग वीजघराची नोंदवही मागितली असती. किती वाजता, कोणाच्या आदेशाने, किती पाणी. खालच्या काठाला इशारा गेला की नाही. भोंगा होता की नव्हता. या जातीच्या चांगल्या कादंबरीचा कणा हाच आहे. तिच्यात भूत असते, पण भूत कोणाला सुटकेची वाट देत नाही. अंधश्रद्धा पसरते ती भुताच्या गोष्टीने नव्हे, भुताचे नाव निघताच चौकशी बंद करण्याच्या सवयीने. सुधारक मित्रांनी हे पुस्तक कपाटातून काढण्यापूर्वी एवढे तपासून पाहावे.

कोणी म्हणेल, नदीला व्यक्ती मानण्याची कल्पना कादंबरीत ठीक, व्यवहारात तिचा काय उपयोग? व्यवहारातच ती आधी आली आहे. देवाची मूर्ती ही कायद्याने व्यक्ती आहे, तिचे हितसंबंध स्वतंत्र आहेत आणि ते मांडावयास निःस्पृह प्रतिनिधी हवा, हे मल्लिक घराण्याच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९२५ सालीच धरून चालविले. देवस्थानांचे कारभार ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे तत्त्व तोंडपाठ असते. नद्यांची पाळी २०१७ साली आली. २० मार्च २०१७ रोजी उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना यांना कायदेशीर व्यक्ती ठरविले. त्याच महिन्यात न्यूझीलंडच्या पार्लमेंटने वांगानुई नदीविषयी तसाच कायदा केला. मे महिन्यात मध्य प्रदेशाच्या विधानसभेने नर्मदा ही जिवंत आहे असा ठराव केला. पुढे काय झाले? जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तराखंडच्या निकालाला स्थगिती दिली. तेथील सरकारची एक अडचण मोठी मासलेवाईक होती: नदीला पूर येऊन माणसे मेली तर नुकसानभरपाईचा दावा नदीवर लावावयाचा की तिचा पालक म्हणून नेमलेल्या अधिकाऱ्यावर?

धाराजीच्या मृतांनी हाच प्रश्न बारा वर्षे आधी विचारून ठेवला होता. नदीला व्यक्ती म्हणण्यास सर्व तयार असतात; तिचा पालक म्हणून जबाब देण्याची वेळ आली की कोणी पुढे येत नाही. नर्मदेच्या बाबतीत तर कारभाऱ्यांनी तिला घरोघर पाठविण्याचा सपाटाच लावला आहे. २०१४ पासून तिचे पाणी विंध्याचा चढ चढवून क्षिप्रेच्या उगमाशी सोडले जाते, आणि २०१६ च्या सिंहस्थात उज्जयिनीला क्षिप्रास्नान करणाऱ्यांच्या डोक्यावर नर्मदेचेच पाणी होते. यात पुण्य कोणत्या नदीच्या खात्यावर पडले, हे एखाद्या वेदशास्त्रसंपन्नाने सांगावे. थेम्सच्या दोन दरबारांनी निदान मुले देवघेव करताना दोघांची संमती घेतली होती.

उरला तिसरा एक वर्ग, ज्याचे पत्र आम्हांला कधी येत नाही, पण ज्याच्याशी आमचे भांडण सर्वांत मोठे आहे. ही आपलीच इंग्रजी शिकलेली मंडळी. लंडनची नदीमाता हातात चहाचा पेला घेऊन बसलेली यांना मनोहर वाटते, आणि घरची म्हातारी पुलावरून जाताना गाडीच्या खिडकीतून नदीत नाणे टाकते तेव्हा यांना लाज वाटते. टायबर्न ओढा कोणत्या राजवाड्याखालून जातो हे यांना माहीत असते. स्वतःच्या गावच्या ओहोळाचे नाव विचारले तर वडिलांना दूरध्वनी करावा लागतो. पुस्तक वाचून त्यांच्या मनात एवढे जरी आले, की गाडलेल्या ओढ्याची मुलगी आपल्याही गावात कोठे तरी बसली असेल, तरी वाचनालयाने पुस्तकावर केलेला खर्च वसूल झाला असे आम्ही समजू.

म्हणून आमची सूचना पुस्तक काढून टाकण्याची नाही, ते मराठीत आणि कोंकणीत आणण्याची आहे. काम सोपे नाही. 'विझर्ड' ला मांत्रिक म्हटले की लिंबू आणि टाचण्या डोळ्यांपुढे येतात. घाडी म्हटले तर कोकणापुरते, बडवा म्हटले तर पंढरपूरचा वाचक भलतेच समजेल. तपासाच्या जागी जादूचा जो ठसा उरतो त्याला लेखकाने लॅटिन शब्द वापरला आहे. त्याला कोंकणीत 'वारें' म्हणावे की आणखी काही, याचा निर्णय जाणकारांनी करावा. शिपायाची बोली मात्र पोलीस लाइनीतली हवी, ग्रांथिक केली तर पुस्तक मेले.

आणि कोणा नव्या लेखकाला भाषांतराऐवजी स्वतंत्र लिहावयाचे असेल, तर ठाणे उदयनगरच्या बाजूचेच घ्यावे. धाराजी आज तेथे नाही. ओंकारेश्वरचे धरण २००७ साली उभे राहिले आणि धावडी कुंड, ते खडक, ती जत्रेची जागा त्याच्या जलाशयाखाली गेली. पंचनामा करावयाचा तर जागाच पाण्यात आहे. पण २००५ सालच्या त्या रात्रीच्या नोंदवह्या पाण्यात गेलेल्या नाहीत, आणि वाहून गेलेल्यांचे नातलग आजही विंध्याच्या पाड्यांवर राहतात. नव्या हवालदाराने पहिल्या दिवशी कोणाची जबानी घ्यावी, ते लेखकाने ठरवावे.